वाकळ : लादलेले कापड आणि घातलेला टाका

मराठीतील पांढरपेशा लेखनाला गोधडीचा मोठाच लळा लागला आहे. ललित लेख असो, कविता असो की एखाद्या प्रदर्शनाचे निमंत्रण असो, 'आजीच्या हातची गोधडी' आणि 'मायेची ऊब' हे शब्द जोडीनेच येतात. शहरातल्या दुकानांत जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून केलेली जाकिटे, पिशव्या, पडदे विक्रीला असतात. कलादालनात गोधडी भिंतीवर टांगली जाते, तिच्यावर दिव्यांचा झोत सोडला जातो, आणि पाहणारा दोन पावले मागे सरकून रंगसंगतीची तारीफ करतो. या कौतुकाशी माझे भांडण नाही. परंतु ज्या समाजाच्या अंगावर पिढ्यानपिढ्या दुसऱ्याने टाकलेलेच कापड आले, त्या समाजातल्या वाचकाला हे कौतुक वाचताना काही प्रश्न पडतात, आणि ते विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिला प्रश्न असा की, हे कापड कोणाचे होते? दुसरा, ते जोडणारा हात कोणाचा? आणि तिसरा, जो मला सर्वांत अवघड वाटतो, तो आमच्याच चळवळीला विचारायचा आहे. फाटके टाका, लाचारीच्या खुणा टाका, असे ज्या चळवळीने आम्हाला शिकवले, तिच्या लेखकाने वाकळीला सौंदर्य म्हणावे काय? म्हणावे, तर कोणत्या आधारावर? या लेखात मला या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे.

आमच्या वस्तीत गोधडी हा शब्द फारसा नव्हता. वाकळ हा होता. वाकळ म्हणजे काय, हे ज्याने ती फक्त पांघरली त्याला पुरते ठाऊक नसते. नऊवारी लुगडे आधी मधे विरते, काठ टिकून राहतात. मग बाई ते मधून फाडते, विरलेला भाग काढून टाकते आणि उरलेले दोन भाग जोडून दंड घालते. दंड घातलेले लुगडे आणखी वर्ष-दोन वर्षे अंगावर निघते. पुढे त्याचा धडपा होतो, धडप्याची लेकराला दुपटी होतात. जे उरते ते गाठोड्यात जाते. पुरेसे साठले की सुगी उरकल्यावर, हाताला थोडी उसंत मिळाल्यावर, अंगण सारवून त्यावर एक धड लुगडे अंथरतात. त्यावर धोतराचे, सदऱ्याचे, चोळीचे तुकडे पसरतात. कोठे जाड, कोठे पातळ हे तळहाताने चाचपून पाहतात. वर दुसरे लुगडे घालतात आणि कडेने धावदोरा सुरू होतो. टाके कडेकडेने चौकोनात आत सरकत जातात आणि मध्याशी येऊन संपतात. आमच्या घरी दोन-तीन बाया चहूबाजूंनी बसत आणि प्रत्येकीचा टाका निराळा ओळखू येई. माझ्या चुलतीचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, आईचा त्याहून लांब. आई म्हणायची, "मला पहाटे कामाला जायचंय, माझा टाका लांबच पडणार."

हे एक वाक्य मला आजवर वाचलेल्या अनेक कलाविषयक निबंधांपेक्षा अधिक शिकवून गेले आहे. टाक्याची लांबी ही रुची असते, तशी ती वेळेची मोजणीही असते. वाकळीच्या प्रत्येक इंचात दोन गोष्टी एकमेकींत शिवलेल्या असतात : गरज आणि निवड. कापड किती मिळाले, दोरा किती होता, थंडी किती दिवसांवर आली, ही गरज. लाल खणाचा तुकडा कोपऱ्यात लावायचा की मध्यावर, विरलेल्या भागावर एक ठिगळ की दोन, काठ उभा ठेवायचा की आडवा, ही निवड. ज्याला केवळ गरज दिसते तो कणव करतो. ज्याला केवळ निवड दिसते तो नक्षी पाहतो. दोघांनाही वाकळ दिसत नाही.

आता गरजेकडे नीट पाहू. कारण ती निसर्गाने दिलेली गरिबी नव्हती, ती कायद्याने लिहून दिलेली होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, असे विधान आहे. त्याच अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, असेही सांगितले आहे. म्हणजे जुने कापड ही येथे वस्तू नव्हती. ती पायरी होती. कोणाच्या अंगावर नवे, कोणाच्या अंगावर जुने आणि कोणाच्या अंगावर मेलेल्याचे, यावरून माणूस ओळखायचा. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' मानला जाई. अपमानाला हक्क म्हणण्याची ही भाषा आपल्या समाजव्यवस्थेने फार हुशारीने घडवली. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. महार बायकांनी लुगड्याचा काठ दिसू न देता तो निऱ्यांत झाकावा, असा दंडक त्यांनी त्यात नोंदवला आहे. विकत घेतलेल्या लुगड्याचा काठसुद्धा मिरवायची मुभा नाही! ज्या काठाच्या सौंदर्यावर आज गोधडीचे कौतुक उभे असते, तो काठ आमच्या आज्यांना लपवावा लागत होता. गोधडीवरच्या कोणत्याही रसग्रहणात मला हे वाक्य अजून भेटलेले नाही.

म्हणूनच महाडच्या परिषदेचा अर्थ कापडाच्या अंगानेही लावला पाहिजे. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केले. लुगडे नेसण्याच्या ज्या तऱ्हेवरून तुमची जात ओळखली जाते ती तऱ्हा सोडा, गळ्यातल्या आणि हातातल्या अस्पृश्यतेच्या खुणा उतरवा, स्वच्छ राहा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ग्रंथ जाळणे आणि लुगड्याची नेसण बदलणे ही दोन निराळी कामे नव्हती. ग्रंथातली आज्ञा कापडात उतरलेली होती. ती कागदावरून पुसायची तशी अंगावरूनही पुसायची होती. बायकांनी ते ऐकले आणि नेसण बदलली. पुस्तक न वाचताही करता येईल असे ते धर्मशास्त्राचे खंडन होते.

येथे आक्षेप येतो, आणि तो आमच्याच माणसांकडून येतो. एक सुशिक्षित कार्यकर्ते मला म्हणाले, "ज्या चिंध्या बाबासाहेबांनी टाकायला लावल्या, त्यांचे गोडवे आता तुम्ही गाणार?" आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. चिंधी ही चिंधी म्हणून सुंदर नाही. दारिद्र्याला सौंदर्याचा मुलामा देणारे लेखन आमच्या शत्रूने केले काय किंवा आम्ही केले काय, ते सारखेच खोटे. आमच्या काही कवींनीही चिंध्यांची पताका करून फडकवली आहे. तिच्यात आवेश आहे, पण ती चिंधी कोणी धुतली आणि कोणी शिवली याची चौकशी नाही.

परंतु चिंधी आणि वाकळ यांत फरक आहे, आणि तो फरक समजून घ्यायला आपल्याला बुद्धाकडे जावे लागते. विनयपिटकात भिक्षूंच्या पांसुकूल चीवराचे वर्णन आहे. स्मशानात, उकिरड्यावर, बाजाराच्या रस्त्यावर टाकलेले कापड भिक्षू उचलीत, धूत, कापीत, शिवीत आणि रंगवीत. एकदा मगधातली बांध घातलेली भातशेते पाहून बुद्धाने आनंदाला विचारले की, असे चीवर तुला करता येईल काय. आणि त्या शेतांच्या आखणीवरून चीवराची जोडणी ठरली. मनूच्या मृतवस्त्रात आणि बुद्धाच्या पांसुकूलात कापड तेच आहे, स्मशानातलेच. मग फरक कोठे आहे? पहिले दुसऱ्याने लादलेले आहे, दुसरे स्वतः उचललेले आहे. हा एक फरक झाला. पण त्याहून मोठा फरक कात्रीचा आणि सुईचा आहे. मनूच्या आज्ञेत मृताचे वस्त्र जसे असेल तसे अंगावर घालायचे आहे. चीवर मात्र आधी कापावे लागते. कापताक्षणी त्या वस्त्राचा जुना मालक संपतो, त्याची जुनी किंमत संपते आणि शिवताना त्याला नवा आकार येतो. खत्तियाच्या घरून आलेल्या भिक्षूचे आणि न्हाव्याच्या घरून आलेल्या उपालीचे चीवर मग सारख्याच आखणीचे होते.

त्याच विनयपिटकात उदयन राजाची कथा आहे. आनंदाला पुष्कळ चीवरे मिळाली तेव्हा राजाने शंका घेतली की, इतक्यांचे हा भिक्षू करणार काय? आनंदाने हिशेब दिला : जीर्ण चीवरे असलेल्या भिक्षूंना वाटू, जीर्ण चीवरांच्या अंथरुणावरच्या चादरी करू, जुन्या चादरींच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची बसायची अंथरणे, त्यांची पायपुसणी, त्यांची फडकी, आणि शेवटी फडकी चिखलात कालवून भुई लिंपू. ही यादी वाचताना मला आमचे घर दिसले. लुगडे, दंड घातलेले लुगडे, धडपा, दुपटे, वाकळ, आणि वाकळीचेही चिरगूट झाल्यावर चुलीपाशी पोतेरे! आमच्या बायांनी पाली वाचले नव्हते. पण वस्तूचा शेवटपर्यंत सन्मान करण्याचे शास्त्र त्यांच्या हातात होते, आणि त्याला कोणी कधी शास्त्र म्हटले नाही.

आधुनिक काळात गाडगेबाबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. परिटाच्या घरात जन्मलेल्या, म्हणजे गावाचे कपडे धुणाऱ्या जातीतल्या या माणसाने चिंध्यांची गोधडीच अंगावर घातली आणि लोक त्यांना गोधडेबाबा म्हणू लागले. ती गोधडी घालून त्यांनी रस्ते झाडले आणि देवळातल्या देवाविषयी, कर्जाविषयी, पोरांच्या शाळेविषयी लोकांना उलटसुलट प्रश्न विचारले. त्यांच्या अंगावरची चिंधी लाचारी मागत नव्हती, जाब विचारत होती. या उदाहरणांवरून मी असे म्हणतो की, टाका ही मूल्य बदलण्याची क्रिया आहे. कापड लादलेले असू शकते. टाका लादलेला नसतो. बाबासाहेबांनी उतरवायला सांगितल्या त्या दुसऱ्याने आमच्यावर घातलेल्या खुणा. रात्री कंदिलाच्या उजेडात बाईने घातलेला टाका ही तिने स्वतः केलेली खूण आहे. पहिली टाकण्यात जो स्वाभिमान आहे तोच दुसरी ओळखण्यात आहे. माझ्या मते आमच्या आक्षेपकाला हे उत्तर पुरे आहे.

तथापि येथे थांबलो तर मीही 'मायेच्या उबे'च्या शेजारी जाऊन बसेन. टाक्याला अर्थकारण असते. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईतला कावाखाना येतो. तेथल्या बाया रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काच गोळा करून आणतात, निवडतात आणि विकतात. शहरात चिंधीला बाजार असतो आणि त्या बाजाराच्या तळाशी आमचीच बाई असते. दारोदार फिरून जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही त्याच साखळीतली. आज दुकानात टांगलेल्या 'पारंपरिक' जाकिटातले लुगडे बहुधा असाच प्रवास करून आलेले असते. जाकिटाच्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव असते, रचनाकाराचे असते. शिवणारीचे क्वचित असते, कापड निवडणारीचे कधीच नसते. वस्तू कलाकृती ठरली, पण जिने ती केली ती मजूरच राहिली, ही विभागणी वर्णव्यवस्थेला परकी नाही.

या बाबतीत अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांचा अनुभव आपण वाचला पाहिजे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव ब्लॅक पँथरवरून घेतले होते. हे नाते घोषणांपुरते राहू नये. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. तेथील अनेक कुटुंबांचे आडनाव पेटवे आहे, आणि ते त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबवणाऱ्या मालकाचे आडनाव आहे. जुन्या कामाच्या कपड्यांतून, पिठाच्या पोत्यांतून तेथल्या बायका रजया शिवीत. १९६२ साली त्यांची नदीवरची नाव बंद करण्यात आली. मतदार म्हणून नाव नोंदवायला पलीकडच्या गावी जाणे त्यामुळे दुरापास्त झाले. ती सेवा पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. नागरी हक्कांच्या त्या लढ्यातूनच १९६६ साली त्या भागातल्या बायकांची 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली. २००२ साली या रजया आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक युरोपीय चित्रकारांशी केली आणि गौरव केला. २००७ साली त्यांतल्याच काही बायकांना मोबदल्याच्या आणि हक्कांच्या प्रश्नावर न्यायालयात दावे लावावे लागले. पुढच्या वर्षी ते मिटले. गौरव आणि हिशेब एकत्र येत नाहीत, हे तेथेही दिसले.

पण त्या रजयांतली एक मला विसरता येत नाही. मिसुरी पेटवे या बाईने १९४२ साली, नवरा वारल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची रजई शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्याच कापडाखाली निजता यावे म्हणून. येथेही मृताचेच वस्त्र आहे. पण ते कोणी हक्क म्हणून फेकलेले नाही. घाम मुरलेले, गुडघ्यावर विरलेले ते कापड बाईने उसवले, कापले आणि आपल्या दुःखाच्या मापाने पुन्हा जोडले. मनूच्या विधानाला याहून चोख उत्तर मला माहीत नाही, आणि ते देणारीने मनूचे नावही ऐकले नसेल.

अॅलिस वॉकर यांची 'एव्हरीडे यूज' ही कथा १९७३ सालची आहे. तिच्यातली शिकलेली मुलगी डी घरी येते आणि आजीच्या कपड्यांच्या रजया भिंतीवर टांगायला मागते. धाकटी मॅगी त्या रोज वापरून फाडून टाकील, असे तिचे म्हणणे असते. आई रजया मॅगीला देते. या कथेचा सरळ अर्थ वापर श्रेष्ठ आणि प्रदर्शन खोटे असा लावला जातो. मला तो अपुरा वाटतो. आपण, शिकून शहरात आलेली पिढी, डीच आहोत; तिला हसून आपली सुटका नाही. तिचे शिकणे चूक नव्हते. कथेतली खरी गोष्ट मला अशी दिसते की, मॅगीला रजई शिवता येते. फाटली तर ती दुसरी करील. वारसा कापडात नाही, हातात आहे. डीला वस्तू हवी आहे, कृती नको आहे. आणि आपली संग्रहालये, आपली ललित मासिके, आपली दुकाने या सर्वांना वस्तूच हवी आहे.

आता आपल्या समीक्षेकडे येतो. दलित आत्मकथनांविषयी 'विस्कळीत', 'ठिगळे जोडल्यासारखी', 'बांधणी नसलेली' असे शेरे आपण पुष्कळ ऐकले. शेरा मारणाऱ्याला अखंड ताग्याची सवय होती. ज्याला आयुष्य तुकड्यातुकड्यांनी मिळाले त्याने ताग्याची बतावणी करावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मात्र म्हणून प्रत्येक विस्कळीत लेखन वाकळ ठरत नाही, हेही आपण स्पष्ट बोलले पाहिजे. वाकळीत शिस्त असते. सैल टाका पहिल्या धुण्यात उसवतो; भर सारखी नसेल तर मधे गोळा होतो आणि कडा थंड पडतात. ओल्या वाकळीचे ओझे नदीवर ज्या बाईने आपटले आहे तिला टाक्याची पारख कोणी शिकवावी लागत नाही. आपल्या लेखनालाही ती कसोटी लावावी : हे धुण्यात टिकते काय? थंडीत पुरते काय? आणि यातला प्रत्येक तुकडा कोठून आला, हे सांगता येते काय? सौंदर्यशास्त्राच्या परक्या मोजपट्ट्या नाकारणे म्हणजे मोजणेच नाकारणे नव्हे.

काळ बदलला आहे. सुती लुगडी कमी झाली. नायलॉनच्या साड्या टाक्याखाली सरकतात आणि ऊब धरत नाहीत. पानिपतच्या गिरण्यांत देशोदेशीचे टाकलेले कपडे पिंजून पुन्हा सूत निघते आणि त्याची स्वस्त कांबळी खेड्यापाड्यांत पोचतात. वाकळ शिवायला बसणारी बाई आता थोडी उरली आहे. ज्या घरात लेकीने सुई खाली ठेवून पुस्तक उचलले, तेथे मी हळहळणार नाही. संस्कृती टिकावी म्हणून कोणी गरिबीत राहावे, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु जी शिवते तिचे नाव वस्तूवर आले पाहिजे, तिच्या तासांचा दाम तिला मिळाला पाहिजे, आणि तिचे ज्ञान तिच्याच शब्दांत लिहून ठेवले पाहिजे : दंड, धडपा, दुपटे, पोतेरे, धावदोरा. हे शब्द आमच्या कोशात नीट आले नाहीत तर उद्या 'आजीची गोधडी' एवढेच उरेल, आणि त्या आजीला ना गाव असेल ना जात.

कलादालनातल्या गोधडीसमोर उभ्या राहणाऱ्या रसिकाला माझे एवढेच सांगणे आहे : दोन पावले मागे सरकू नका, पुढे या. काठ शोधा आणि तो कोणाला लपवावा लागला होता ते विचारा. टाक्याची लांबी पाहा आणि त्या बाईला पहाटे कोठे जायचे होते ते विचारा. मग रंगसंगतीविषयी खुशाल बोला.